गिऱ्हाईक कोणाचं राहणार?

पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापुरात नवी पेठेत आमचं पुस्तकांचं आणि वह्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ते उभं केलं. आता मी बघते. शेजारीच दिरांचं मोबाइलचं दुकान आहे. मध्यंतरी एक वितरक येऊन गेला. ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र, विकायला ठेवा म्हणतो. एका नगाची किंमत १२,००० रुपये, त्यावर आम्हाला ६ टक्के. पहिल्या खेपेला २० नग रोखीने उचलायचे, न खपलेला माल परत घेणार नाहीत, काउंटर आणि बाहेरची पाटी आमच्या खर्चाने. भाऊजी म्हणतात, निम्मे पैसे मी घालतो, नव्या जमान्याची वस्तू आहे. अण्णा म्हणतात, हे यंत्र दुकानात आलं की पुस्तकं कोण घेणार? छापील पुस्तकांवर मला सरासरी ३० टक्के सुटतात. मोठमोठ्या दुकानांनी ई-रीडर ठेवले आणि मग काढून टाकले असं ऐकते. असं का होतं? आणि मी काय करावं?

– एक पुस्तकविक्रेती, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. या अटींवर सही करू नका. भाऊजींना वाईट वाटेल, वितरक चार दिवस फोन करत राहील, तरी करू नका. अण्णांची भीती मात्र मला पुरती पटत नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचेच आकडे घेऊ. १२,००० वर ६ टक्के म्हणजे नगामागे ७२० रुपये. वीसच्या वीस नग खपले तर १४,४००. त्यासाठी तुम्ही दोघं मिळून २,२५,६०० रुपये रोख मोजणार. तेवढ्याच पैशांत ३० टक्क्यांनी पुस्तकं भरली, तर सुमारे ३,२२,००० रुपये छापील किमतीचा माल दुकानात येतो आणि तो खपला की ९६,००० च्या वर सुटतात. शालेय पुस्तकांवर कमिशन कमी असतं, नेहमीच्या माणसाला तुम्ही दहा टक्के सोडत असाल, काही पुस्तकं वर्षभर हलत नाहीत. हे सगळं वजा केलं तरी अंतर मिटत नाही. त्यातून काउंटरचा आणि पाटीचा खर्च तुमचाच.

पैसे किती अडकतात याच्याइतकंच ते कधी अडकतात हेही बघा. तुमच्या धंद्यात मे महिना म्हणजे वह्या, पाठ्यपुस्तकं, गाइडं भरण्याचा महिना. जूनमध्ये शाळा उघडल्या की पंधरा-वीस दिवसांत वर्षाचा मोठा गल्ला होतो. त्या वेळी सव्वादोन लाख कपाटात बंद असले, तर वह्यांचा माल उधारीवर आणावा लागेल आणि रोखीचा भाव हातचा जाईल. उरला दिवाळीचा हंगाम. दिवाळी अंक घ्यायला लोक दुकानात येतात, नेमके त्याच सुमाराला ऑनलाइन कंपन्यांचे मोठे सेल लागतात. गिऱ्हाईक तुमच्याकडचं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहणार, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर भाव बघणार. तिथे दीड हजाराने स्वस्त दिसलं की तुमचे ७२० गेलेच, वर खिशातून घालायची वेळ. आणि तुम्ही भाव उतरवला नाहीत तर माल पडून.

याच खोड्यात तुमच्यापेक्षा कितीतरी मोठे लोक सापडले. अमेरिकेत टार्गेट आणि वॉलमार्ट ही केवढी थोरली दुकानं. दोघांनीही ॲमेझॉनचं किंडल हे ई-रीडर विकायला ठेवलं होतं. २०१२ च्या मे महिन्यात टार्गेटने ते बंद करायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये वॉलमार्टनेही. कंपन्यांनी कारणं मोघम दिली, पण बाजारात जो तो एकच बोलत होता: लोक आमच्या दुकानात येऊन वस्तू बघतात आणि विकत घेतात ॲमेझॉनवर, मग ॲमेझॉनचीच वस्तू आम्ही का मांडायची? टार्गेटने पुढे ती परत ठेवली हेही सांगायला हवं. पण टार्गेट कपडे विकतं, किराणा विकतं, खेळणी विकतं. एका फळीवर नफा सुटला नाही तर त्याचं अडत नाही. तुमची प्रत्येक फळी तुम्हाला मोजावी लागते.

पुस्तकांच्या दुकानाचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडचं वॉटरस्टोन्स बघा. तिथली ही सर्वात मोठी पुस्तकांची साखळी. तिचे प्रमुख जेम्स डाँट हे ॲमेझॉनवर जाहीरपणे कडक टीका करणारे गृहस्थ, तरीही २०१२ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या दुकानांत किंडल विकण्याचा करार केला. लोक ई-पुस्तकांकडे वळताहेत, तर ते निदान आपल्या दारातून वळोत, असा विचार असणार. तो चुकीचा होता असं म्हणवत नाही. पण २०१५ च्या ऑक्टोबरात त्यांनीच किंडल काढून टाकायला सुरुवात केली. विक्री अगदीच दयनीय आहे, म्हणून ती जागा आम्ही पुन्हा छापील पुस्तकांना देतोय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांना हे आवर्जून वाचून दाखवा. यंत्राने पुस्तकं हटवली नाहीत, पुस्तकांनी यंत्राची जागा परत घेतली.

आता मुळाशी जाऊ. नफा इतका कमी का? वितरक कंजूस आहे म्हणून नव्हे. वरूनच काही सुटत नाही. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१२ मध्ये उघड सांगितलं होतं की किंडल आम्ही जवळपास उत्पादन खर्चालाच विकतो, आमची कमाई लोक ते वापरू लागल्यावर होते. म्हणजे यंत्राच्या किमतीत दुकानदाराला द्यायला जागाच ठेवलेली नसते. कमाई सगळी पुढच्या पुस्तकांत. आणि पुढच्या पुस्तकांशी तुमचा संबंध कुठे येतो?

विकताना नेमकं काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. एखादे निवृत्त शिक्षक येतात. बारा हजार रुपये तुमच्या काउंटरवर ठेवतात. तुम्ही खोकं उघडता, पांढरंकरडं यंत्र बाहेर काढता, बटण दाबता. पहिल्यांदा ते भाषा विचारतं. मग वायफाय मागतं, तुम्ही तुमच्या दुकानाचा पासवर्ड टाकता. मग ते म्हणतं, खातं उघडा. सरांना ते जमत नाही, म्हणून तुमच्याकडचा मुलगा त्यांचा ईमेल टाकतो, मोबाइल नंबर टाकतो, आलेला ओटीपी टाकतो, पैसे कसे भरणार तेही जोडून देतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. सर खूश होऊन जातात. पण त्या पंधरा मिनिटांत, तुमच्या वायफायवर, तुमच्या माणसाच्या हातून, वीस वर्षांपासूनचं तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात नावनिशीवार नोंदलं गेलं. पुढची कादंबरी सर रात्री अकराला अंथरुणात पडल्यापडल्या घेतील. ती कोणती घेतली हेही तुम्हाला कळणार नाही. आजवर सरांना काय आवडतं हे तुम्हाला ठाऊक होतं, नवीन काही आलं की तुम्ही बाजूला काढून ठेवत होतात. आता ते दुसऱ्याला ठाऊक. त्या बदल्यात तुम्हाला ७२० रुपये.

ताई, या भागीदाऱ्या मोडतात त्याचं मूळ मला इथे दिसतं. कमी नफा, पडून राहिलेला माल, ऑनलाइनची मारामारी ही वरवरची दुखणी आहेत.

हे कंपन्यांनाही कळतं. ॲमेझॉनने २०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांपुढे एक योजना मांडली. किंडल विका, आणि तुम्ही विकलेल्या यंत्रावर गिऱ्हाईक जी ई-पुस्तकं घेईल त्यांच्या किमतीचे १० टक्के दोन वर्षं तुम्हाला देऊ. तुमच्या वितरकापेक्षा ही बोली बरी. तरीही बऱ्याच पुस्तकविक्रेत्यांनी ती झिडकारली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: दोन वर्षांनंतर काय? माणूस तर जन्मभर वाचणार आहे.

आणि एकदा गिऱ्हाईक सोपवलं की परत आणणं किती अवघड, याला अमेरिकेचीच बॉर्डर्स ही साखळी साक्ष आहे. २००१ मध्ये त्यांनी आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनकडे चालवायला दिली. २००८ मध्ये ती परत घेतली, २०१० मध्ये कोबो नावाच्या ई-रीडरशी हातमिळवणी केली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कर्ज होतं, जागांची भाडी होती, कारणं अनेक. पण ऑनलाइन घ्यायची सवय लागलेलं गिऱ्हाईक तोवर कुठल्या दुकानात रुळलं होतं हे सांगायला नको.

मग हे कुठेच जमलं नाही का? जमलं, जर्मनीत. २०१३ मध्ये थालिया, हुगेनडुबेल, वेल्टबिल्ड अशी एकमेकांशी स्पर्धा करणारी पुस्तकांची दुकानं डॉइच टेलिकॉम या दूरसंचार कंपनीला बरोबर घेऊन एकत्र आली आणि तोलिनो नावाचा ई-रीडर काढला. फरक काय, तर ज्या दुकानातून तुम्ही तोलिनो घेतलात, त्याच दुकानाचं ई-पुस्तकांचं भांडार त्यात उघडतं. पुढचं पुस्तक घेतलं की पैसे त्याच दुकानाला. शिवाय दुसऱ्या दुकानातून घेतलेलं पुस्तकही त्यात वाचता येतं. जर्मनीत किंडलला टक्कर देण्याइतकं ते चाललं. २०१७ मध्ये टेलिकॉम बाहेर पडली आणि तंत्राची बाजू कोबोकडे आली, तरी दुकानांचं नातं टिकलं. यंत्र तेच, कागदासारखा पडदाही तसाच. फक्त वाचक दुकानाकडे राहिला.

आपल्याकडचं सांगते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये किंडल भारतात क्रोमा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या साखळीच्या दुकानांतून ६,९९९ रुपयांना आलं. २०१३ मध्ये कोबो आला, क्रॉसवर्डसारख्या पुस्तकांच्या दुकानांतून. काही वर्षांतच कोबोचे ते काउंटर दिसेनासे झाले. आता तारखा जुळवून बघा. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचा विभाग अधिकृतपणे सुरू झाला तो २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमबरोबर. म्हणजे यंत्र आधी आलं आणि आपल्या वाचकाला त्यात वाचायला काही मिळालं चार वर्षांनी. इंग्रजी वाचणाऱ्यांचं निभलं. तुमच्या दुकानात येणाऱ्या दहा माणसांपैकी किती जण इंग्रजी कादंबरी मागतात, तुम्हीच सांगा. आणि सोलापूरचा वाचक काही निव्वळ मराठी नाही. पूर्व भागातली तेलुगू घरं, अक्कलकोटकडची कानडी मंडळी, उर्दू वाचणारे. २०१६ च्या त्या पाच भाषांत तेलुगू आणि कन्नड नव्हत्या. वितरकाला विचारा, तुझ्या यंत्रावर आज या भाषांतलं काय आणि किती मिळतं? तोंडी नको, समोर उघडून दाखव म्हणावं.

अक्षरांची परीक्षा तर घ्याच. वितरक पुन्हा आला की त्याने आणलेल्या यंत्रावर एक साधी मराठी फाइल उघडायला लावा. त्यात आधीच काही शब्द टाइप करून ठेवा: विठ्ठल, निष्ठा, राष्ट्र, पुऱ्या, सर्व्हिस, उद्घाटन. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते की मागे जाऊन लोंबकळते, ठ्ठ एकावर एक नीट बसतो की पाय मोडून वेगळा पडतो, पुऱ्यामधला अर्धा र आणि सर्व्हिसमधला रफार जागेवर आहे का, हे डोळ्यांनी बघा. मग अक्षर मोठं करा आणि पुन्हा बघा. कित्येक ई-रीडर इंग्रजीसाठी बनवलेले असतात आणि देवनागरीत अडखळतात. तुम्ही पुस्तकवाल्या. छपाईत चूक असलेलं पुस्तक गिऱ्हाईक तुम्हाला आणून दाखवतं, यंत्रातली चूकही तुम्हालाच दाखवणार.

स्पर्धा परीक्षांची मुलं घेतील असं वितरक नक्की म्हणाला असेल. ती आशा धरू नका. त्यांचा अभ्यास चालतो पीडीएफवर. पूर्ण पानाची पीडीएफ सहा इंची पडद्यावर आणली की अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं तर पान डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. ज्याला दिवसाला दीडशे पानं चाळायची आहेत, तो दोन दिवसांत यंत्र परत घेऊन येईल. आणि बुकगंगासारख्या ठिकाणी घेतलेली मराठी ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात. लोकांना वाटतं, ई-पुस्तक आहे म्हणजे कुठल्याही ई-रीडरवर उघडेल. तसं होत नाही, आणि ते समजावत बसायचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात.

अजून एक धोका आहे, त्याबद्दल विक्रीच्या वेळी कोणी बोलत नाही. कंपनीने गाशा गुंडाळला तर? अमेरिकेच्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या साखळीचा नूक हा ई-रीडर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये मोठमोठ्या दुकानांतून विकायला आला. २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी तिथलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकं सेन्सबरीज या साखळीकडे सोपवली. त्याच वर्षी सेन्सबरीजनेही ई-पुस्तकं सोडली आणि तीच गिऱ्हाइकं पुढे कोबोकडे धाडली. आपल्या फ्लिपकार्टनेही २०१५ मध्ये ई-पुस्तकं बंद करून वाचकांना कोबोकडे पाठवलं. लंडनमध्ये दुकानदाराला कोणी ओळखत नसेल. नवी पेठेत मात्र ज्याने तुमच्याकडून बारा हजारांची वस्तू घेतली, तो तुम्हाला लग्नात भेटणार, सिद्धेश्वराच्या यात्रेत भेटणार. ‘ताई, ते यंत्र बंद पडलं ओ’ हे त्याचं पहिलं वाक्य असेल.

दुरुस्तीचंही तसंच. या यंत्राचा पडदा नाजूक असतो. पिशवीत दाब बसला तरी आतून तडा जातो, वरून काही दिसत नाही, फक्त अर्ध्या पानावर रेघा. सोलापुरात सर्व्हिस सेंटर आहे का? नसेल तर खोकं बांधून पाठवायचं कोणी, कुरिअरचे पैसे कोणाचे? आणि माल पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवायची पद्धत असेल, तर आपल्या मे महिन्यात बॅटऱ्यांचं काही खरं नाही.

तर आता काय करायचं. वितरकाला तोडून टाकू नका, लेखी अटी मागा. माल विकल्यावर पैसे, रोखीने आगाऊ एकही नग नाही. फार तर तीन-चार नग ठेवते, चार महिन्यांत न खपलेले परत. कंपनीने किंमत उतरवली तर आमच्याकडे शिल्लक असलेल्या नगांवरचा फरक भरून द्यायचा. दाखवायचं एक यंत्र फुकट, त्यात मराठी पुस्तकं भरलेली, कारण चार्जिंग उतरून पडलेला डेमो पीस म्हणजे गिऱ्हाइकाला प्लास्टिकचं खेळणं वाटतं. बिघडलेलं यंत्र वॉरंटीत असेल तर येण्याजाण्याचा खर्च त्यांचा. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: आमच्या दुकानातून गेलेल्या यंत्रावर जी पुस्तकं विकत घेतली जातील, त्यातला वाटा आम्हाला, आणि तो यंत्र चालू असेपर्यंत. ही शेवटची अट वितरक मान्य करणार नाही. त्याच्या हातात तो अधिकारच नसावा. पण विचाराच. त्याचा चेहरा बघून तुम्हाला कळेल की भागीदारी म्हणून जे पुढे केलंय त्यात तुमची भूमिका खोकं पोचवण्यापलीकडे आहे की नाही.

अण्णांना मात्र एक सांगा. या यंत्राचं खरं गिऱ्हाईक त्यांच्याच वयाचं आहे. ज्यांना बारीक टाइप दिसत नाही, जाड पुस्तक हातात पेलवत नाही, आणि वाचनाशिवाय करमत नाही, त्यांच्यासाठी बोट लावून अक्षर मोठं करता येणं ही फार मोठी सोय आहे. मोबाइलसारखा उजेड डोळ्यांवर आदळत नाही. असं कोणी दुकानात आलं तर यंत्र कुठून घ्यावं, मराठीत काय मिळतं, खातं कसं उघडावं हे मोकळेपणाने सांगा. त्यात ७२० रुपये बुडाले असं समजू नका. तो माणूस नातवंडांची पुस्तकं, दिवाळी अंक, भेट द्यायची पुस्तकं घ्यायला तुमच्याकडेच येईल, कारण तुम्ही त्याला खरं सांगितलंत.

राहिले भाऊजी. त्यांचा उत्साह खोटा नाही, त्यांच्या धंद्यात नवी वस्तू आधी ठेवणाऱ्यालाच फायदा होतो. त्यांना फारच वाटत असेल तर दोन नग त्यांनी त्यांच्या दुकानात, त्यांच्या पैशांनी, त्यांच्या बिलावर ठेवावेत. हप्त्यांची सोय त्यांच्याकडे असेल, दुरुस्तीचा माणूस असेल. तुमच्याकडे कोणी विचारलं तर तुम्ही शेजारी पाठवा. पण निम्मे-निम्मे पैसे घालून एकत्र माल उचलू नका. न खपलेल्या दहा नगांवरून दीर-भावजयीत वाद व्हावा इतकी ही वस्तू मोठी नाही. हे त्यांना आज, वितरकाला होकार जाण्याआधी, अण्णांसमोर बसून सांगा.